पाचव्याचा आवाज

“एक,” पुढून घोरपडेसर ओरडले.

“दोन,” इस्माईल म्हणाला.

“तीन,” थोरले खोत. “चार,” धाकटे खोत. या दोघांच्या आवाजात तसा काही फरक नव्हता. आधी बोलला तो थोरला, एवढीच ओळख.

मग एक बारीक खोकला, आणि त्याच्या मागोमाग नाकातून आलेला, मधेच जरा ओढलेला आकडा. “पाऽच.” हा भूपाल मगदूम.

“सहा,” मी म्हणालो, आणि पन्नासचा दगड मागे पडला.

केओंझर पन्नास किलोमीटर. सन एक्क्याऐंशीचा डिसेंबर. आम्ही सहा जण जयसिंगपुराहून सायकलींवर कलकत्त्याला निघालो होतो आणि तेविसाव्या दिवशी ओरिसात पोचलो होतो. याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य आम्हालाच होतं.

दर दहा किलोमीटरच्या दगडाला ही मोजणी व्हायची. घोरपडेसर हायस्कुलात पी.टी. शिकवायचे आणि आम्हालाही आठवी-ब समजायचे. मोजणीच्या वेळी मान वळवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. सोलापूरच्या अलीकडे धाकट्या खोतांनी “काय म्हणालास?” म्हणून मागे वळून विचारलं होतं आणि उत्तर मिळायच्या आत ते कडब्याच्या गाडीत शिरले होते. तेव्हापासून सर म्हणायचे, “मागचं कानानं बघायचं.” दुसरा नियम असा, की दोनदा ज्याचा आकडा आला नाही, त्याला पुढे जिथे रेल्वे लागेल तिथून घरी पाठवायचं. भूपालचा एकदा रायपूरजवळ आला नव्हता.

मी श्रीधर हुपरीकर, सहावा, म्हणजे शेपूट. गळ्यात शिट्टी आणि सायकलीला पंप. माझ्या मागे कुणी राहता कामा नये, एवढंच माझं काम. कुणी मागे पडलं की शिट्टी वाजवायची. याशिवाय मी नकला करायचो, पण ते काम मला कुणी दिलेलं नव्हतं.

भूपाल तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होता. तंबाखूची काडी त्यानं जन्मात तोंडात घातली नव्हती, पण वखारीची पंधरा वर्षांची धूळ छातीत घेऊन तो फिरत होता, आणि ती दर वाक्याआधी थोडी बाहेर यायची. आम्हां सहांत तोच सगळ्यांत हळू आणि तोच सगळ्यांत नेमाचा. जैन माणूस. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नसे आणि सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. सरांनी सगळं वेळापत्रक त्याच्यासाठी आखलं होतं. सहाच्या आत मुक्काम, म्हणजे मगदूम जेवेल. रायपूरपर्यंत हे ठीक चाललं. पण पूर्वेकडे सूर्य लवकर बुडतो हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं ते परीक्षेपुरतं. ओरिसात सव्वापाचालाच अंधार पडायला लागला आणि भूपाल चार दिवस दुपारच्या जेवणावर सायकल मारत होता.

तक्रार मात्र नाही. त्याच्या कॅरिअरच्या पिशवीत आईनं दिलेली तांदळाची पुरचुंडी होती. कलकत्त्याहून शिखरजीच्या तीर्थाला जाऊन ते तांदूळ वाहायचे होते. “तुम्ही निघालाय कलकत्त्याला,” तो म्हणायचा. “मी आपला तांदूळ पोचवायला निघालोय.”

पंचेचाळीसच्या पुढे घाट लागला. दोन्ही बाजूंना सालाचं जंगल, उंच आणि सरळ, आणि खाली इतका सुका पाला की एखादी खार पळाली तरी माणूस पळाल्यासारखं वाटायचं. सर आणि इस्माईल वळणाआड गेले, त्यांच्या मागे खोत गेले. ओढ्यावरच्या एका मोरीपाशी भूपाल सायकलीवरून उतरला आणि कठड्याला टेकला. मीही उतरलो आणि शिट्टी तोंडाशी नेली.

“वाजवू नको,” तो म्हणाला.

“वाजवायलाच दिलीय.”

“गुडघा धरलाय जरा. खाली पाण्याचा आवाज येतोय. पंचा ओला करून बांधतो आणि येतो. पाच मिन्टं.”

“मग सरांना सांगतो, पाच मिनिटं.”

“सांग की. आणि उद्या गाडीत बसवून दे मला.” तो खोकला. “रायपूरला एकदा झालंय. हे दुसरं.”

“मग काय करू म्हणतोस?”

“चाळीसच्या दगडाला माझं तू म्हण.”

मी हसलो. तो हसला नाही.

“जेवताना काढतोस की माझा आवाज. सगळी हसत्यात. आता हसायला नको, नुसता काढ. पुढं उतार हाय, मी गाठतोच तुला.”

“भूप्या, हे बरं नव्हे.”

“आईचे तांदूळ हैत, श्रीधर.”

सायकल कठड्याला लावून तो पंचा घेऊन, एक पाय लांब टाकत मोरीच्या बाजूनं खाली उतरायला लागला. मी निघालो. मान वळवून बघितलं नाही. नियमच होता तो.

चाळीसचा दगड घाटमाथ्यावर होता. “एक,” सर म्हणाले. दोन झालं, तीन झालं, चार झालं. मी तोंड जरा खांद्याकडे वळवलं आणि नाकातून म्हणालो, “पाऽच.” मग सरळ होऊन म्हणालो, “सहा.” पुढच्या एकाचीही मान वळली नाही. जंगल होतं तसंच उभं राहिलं.

मग उतार. तेवीस दिवसांच्या मांड्यांना असा उतार मिळाला की माणूस कुणाचाच राहत नाही. मी दहा किलोमीटर वाऱ्यावर गेलो. मधून मधून मनात यायचं, मागे चेनचा आवाज येतोय का ऐकावं. पण वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही हेच कारण मी स्वतःला पुरवत राहिलो.

तिसाचा दगड आला. “एक.” “दोन.” “तीन.” “चार.”

या वेळी मी आधी खोकलो. बारीक, दोन तुकड्यांत, दुसरा तुकडा जरा घशात अडकलेला. मग, “पाऽच.”

“शाबास, मगदूम,” सर पुढून म्हणाले. “आज आवाजात दम आहे.”

मला आनंद झाला. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून सरळच लिहितो. मला आनंद झाला. त्या वेळी भूपाल माझ्या डोक्यात नव्हताच. त्याचा आवाज त्याच्यापेक्षा मला चांगला जमला होता आणि मास्तरांकडून शाबासकी मिळाली होती.

विसाच्या दगडाआधी एक चहाची टपरी लागली. सरांनी हात वर केला, सगळे थांबले. सव्वाचार वाजले होते आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सरांनी सहा बोटं दाखवली. टपरीवाल्यानं बाकावर सहा ग्लास ओळीनं ठेवले. पाच उचलले गेले. सहाव्यातून वाफ येत राहिली.

“मगदूम कुठाय?” सरांनी विचारलं.

“मागं असेल,” मी म्हणालो.

“मागे तू असतोस.”

मी चहात बघितलं. “उतारावर जरा पुढं आलो, सर. आत्तापर्यंत होता की.”

“किती वेळ झाला?”

“हे काय, आत्ताच.”

इस्माईल रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याचं मिरजेत सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. लांबून येणाऱ्या सायकलीची चेन कितव्या दातावर घसरते हे त्याला कानानं कळायचं. त्यानं बराच वेळ ऐकलं. “काही नाही, सर,” तो म्हणाला.

टपरीवाला आमच्याकडे बघत होता. “एक आदमी कम?” त्यानं विचारलं. सरांनी मान हलवली. त्यानं भट्टीतली लाकडं बाहेर ओढायला सुरुवात केली. सव्वाचारला. सरांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, “इतना जल्दी क्यों बंद करता?”

“हाथी,” तो म्हणाला. “सूरज गया, तो रास्ता उनका।” आणि मग, जसं काही हवापाणी सांगावं तसं, “परसों लकड़ी वाले को मारा।”

धाकट्या खोतांनी ग्लास अर्धा ठेवला.

सरांनी जमिनीवर काडीनं रेघ ओढली. सर भले माणूस, भीती वाटली की आकृती काढायचे. “हा तिसाचा दगड. इथे मगदूम होता. ओ दिली, मी ऐकली. हे आपण, वीस. म्हणजे तो या दहात आहे. उतार आहे, ब्रेक लागला नसेल. डाव्या हाताला दरी आहे. पाच जण, दोन्ही कडा बघत मागे जायचं. हाका मारायच्या. ऊन आहे तोवर तिसापर्यंत पोचू.”

त्या रेघेत चाळीसचा दगड नव्हताच. तो काडीच्या बाहेर, टपरीच्या भट्टीकडे कुठेतरी पडत होता. मी तिकडे बघत होतो.

आम्ही चढ चढायला लागलो. आता सांगायचं, असं मी दर वळणाला ठरवत होतो. वळण यायचं, भूपाल यायचा नाही, आणि मी पुढच्या वळणापर्यंत मुदत मागून घ्यायचो. तो निघाला असेल, गुडघा बांधून हळूहळू येत असेल, आणि तो दिसला की काही सांगायची गरजच उरणार नाही. त्या अर्ध्या तासात मी देवाकडे जे मागितलं त्यात भूपालचा जीव होता, पण माझी अब्रूही त्याच पुडीत बांधलेली होती.

“मगदूऽम,” सर ओरडायचे. समोरचा डोंगर तेच परत म्हणायचा.

“भूपाऽल,” खोत ओरडायचे.

मीही ओरडत होतो. ज्या खड्ड्यांत तो असणं शक्य नव्हतं, त्या खड्ड्यांत मी वाकून बघत होतो आणि हाका मारत होतो. एका ठिकाणी करवंदीच्या जाळीत काहीतरी पांढरं दिसलं म्हणून सर स्वतः दरीत उतरले. पन्नाशीचा माणूस, मुळं धरून. वर आले तेव्हा बाही फाटली होती आणि कोपरातून रक्त येत होतं. “सिमेंटची पिशवी आहे,” ते म्हणाले आणि हात झटकून पुढे चालायला लागले.

“सर, बांधू का?” मी विचारलं.

“मगदूम सापडू दे.”

इस्माईल माझ्याजवळून चालत होता. तो हळूच म्हणाला, “श्रीधर, एक सांग. रस्त्यावर ब्रेकची रेघ कुठंच नाही. माणूस दरीत गेला तर आधी ब्रेक दाबतोच की.”

“दाबला नसेल.”

“त्याचे ब्रेक मी परवा घट्ट केलेत.” त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

तेवढ्यात वरून ट्रक आला. रिकामी पोती भरलेला, केओंझरकडे चाललेला. सरांनी रस्त्यात उभं राहून दोन्ही हात पसरले. ड्रायव्हर जाड मिशांचा, कपाळाला शेंदूर लावलेला. सरांनी हिंदीला हात घातला. “हमारा आदमी गुम गया है. साइकिल पे था. देखा क्या?”

“आदमी नहीं देखा,” ड्रायव्हर म्हणाला. “साइकिल देखा।”

सगळे ट्रकला चिकटले.

“ऊपर, घाट के उस तरफ। छोटा पुल है। साइकिल खड़ा है, आदमी नहीं है।”

“उस तरफ? घाट के उधर?” सरांनी विचारलं. “वो तो चालीस के पीछे हुआ.”

“हाँ। चालीस के पीछे।”

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते उतरलं. “नाही,” ते आम्हाला म्हणाले. “ती आपली नव्हे. कुणा लाकूडतोड्याची असेल. मगदूमनं चाळीसला ओ दिलीय. तिसाला दिलीय. मी शाबास म्हणालो त्याला.” मग ड्रायव्हरला, “वो हमारा नहीं है. जाओ. धन्यवाद.”

ड्रायव्हरनं गिअर टाकला.

भूपालला मी मारतोय, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी फक्त लपवत होतो. ड्रायव्हरनं खरं सांगितलं होतं आणि माझ्या ‘पाच’नं त्याला खोटं पाडलं होतं. ट्रक निघाला होता. मी तोंडानं जे करता येतं ते केलं. शिट्टी वाजवली. जोरात, श्वास संपेपर्यंत.

ट्रक थांबला. सर वळले.

“ती भूपालचीच,” मी म्हणालो.

“कशावरून?”

“चाळीसला पाच मी म्हणालो, सर.”

सरांना समजलं नाही. ते खरंच समजायचा प्रयत्न करत होते, आणि ते बघणं फार वाईट होतं. “तू सहा म्हणालास,” ते म्हणाले.

“पाच पण मीच. त्याचा गुडघा धरला होता. मोरीपाशी थांबला. म्हणाला, माझं म्हण, नाहीतर सर घरी पाठवतील.”

“आणि तिसाला?”

“मीच.”

“मी शाबास म्हणालो ते?”

“ते मला, सर.”

पाखरं झाडांत परत यायला लागली होती. त्यांचा तेवढा आवाज होता. थोरले खोत पुढे आले, त्यांनी माझ्या सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि ते गदागदा हलवून सोडून दिलं. सायकल पडली. मला धरलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी हात पुढे केला. “शिट्टी.”

मी गळ्यातून काढून दिली.

इस्माईल तोवर ड्रायव्हरच्या पायरीवर चढला होता. ड्रायव्हर मान हलवत होता. आता वर जायचं नाही, गाडी वळवायला जागा नाही, अंधार होतोय, माझीही पोरं आहेत. इस्माईल काहीतरी बोलत राहिला. मग ड्रायव्हरनं खिडकीतून माझ्याकडे बोट केलं. “ये क्यों रोता है? इसका भाई है?”

मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं. “हाँ,” मी म्हणालो.

“पहले बोलना था,” ड्रायव्हर म्हणाला, आणि स्टिअरिंग फिरवायला लागला. भावाबद्दलच म्हणाला असेल. मी ते दोन्ही अर्थी घेतलं.

सायकली झाडाला टेकवून आम्ही पोत्यांवर चढलो. ट्रक घाट चढायला लागला. सूर्य डाव्या खांद्यावर होता तो एका वळणाला झाडांमागे गेला आणि पुढच्या वळणाला नव्हताच. तिसाचा दगड गेला. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. धाकट्या खोतांनी तेवढं एकदा विचारलं, “त्याच्याकडे काडेपेटी तरी हाय का रे?” मी नाही म्हणालो. पोत्याची कड मी दोन्ही मुठींत धरली होती. मला एकच चित्र दिसत होतं. भूपालच्या आईच्या दारात मी उभा आहे, आणि ती विचारते, “शेवटी काही बोलला का रे?” आणि तिला सांगायला माझ्याकडे त्याचा आवाज आहे.

चाळीसचा दगड गेला. ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि मोरीच्या शंभरेक पावलं अलीकडे गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. मोठे दिवे लावले.

“उतरना नहीं,” तो मागे वळून म्हणाला. “चिल्लाना नहीं।”

दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर शेणाचे मोठे गोळे पडले होते आणि त्यांतून वाफ येत होती. मोरीच्या कठड्याचे वरचे दगड ढकलल्यासारखे रस्त्यावर आले होते. त्याच्यापुढे भूपालची सायकल. तिचं मागचं चाक दुमडून पुढच्या चाकाला लागलं होतं, जसं आपण पोळी दुमडतो. पिशवी फाटली होती. रस्त्यावर थोडे तांदूळ सांडले होते. फार थोडे. बाकीचे कुणीतरी वेचून खाल्ले होते.

डाव्या हाताला, आत, एक फांदी मोडली. थोडा वेळ काही नाही. मग दुसरी.

धाकटे खोत “आई गं” म्हणाले ते इतक्या हळू, की मला वाटलं मीच म्हणालो.

सर पोत्यांवर उभे राहिले. हाक मारायची नव्हती. मारून कोण येईल हे माहीत नव्हतं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात, ना मोठ्यानं ना हळू, म्हणाले,

“एक.”

“दोन,” इस्माईल म्हणाला.

“तीन.”

“चार.”

मग काही नाही. दोन आकड्यांच्या मधे एवढी जागा असते हे मला माहीत नव्हतं. ट्रकचं इंजिन धडधडत होतं. फांदी मोडली.

मग खोकला. बारीक, दोन तुकड्यांत.

“पाऽच.”

सरांनी मागे वळून माझं मानगूट धरलं. “हुपरीकर,” ते म्हणाले, “आता तरी नको.”

“मी नाही, सर.”

त्यांनी दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या तोंडावर दाबला. पंजाला रक्ताचा वास येत होता. माझं तोंड तसंच दाबून धरून ते अंधाराकडे म्हणाले, “परत. पाच.”

आणि माझं तोंड बंद असताना मोरीच्या आतून आवाज आला, “पाच की ओ, सर. किती वेळा सांगू?”

खोत बंधू उतरले. ड्रायव्हर उतरला. आमच्याआधी उतरला. मोरीच्या पोटात, कमानीखाली, पाण्याच्या बाजूला भूपाल पाठ टेकून बसला होता. उतरताना घसरून गुडघा पार वळला होता आणि फुगून नारळाएवढा झाला होता. वर चढता येईना, म्हणून बसून राहिला. दोन-तीन ट्रक वरून गेले तेव्हा ओरडला, पण ट्रकला काय ऐकू जाणार. मग ऊन कमी झालं आणि डोक्यावर, कमानीच्या वर, ते आले. त्यांनी सायकल पाडली ते त्यानं खालून ऐकलं. त्यानंतर तो खोकला नव्हता. तासभर खोकला दाबून ठेवणं म्हणजे काय, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. डोळ्यांचं पांढरं लाल झालं होतं.

त्याला उचलून पोत्यांवर ठेवला. ड्रायव्हरनं जागा मिळेल तिथे गाडी वळवली, कशी ते त्यालाच माहीत. भूपालचे ओठ पांढरे पडले होते. सरांनी बाटली उघडली.

“पाण्याशेजारी बसून तहानलास?” थोरले खोत म्हणाले.

“गाळायचं फडकं वर सायकलीवर राहिलं.”

“हे गाळलेलं आहे,” सर म्हणाले. “सकाळी तूच गाळलंस. घे.”

भूपालनं वर बघितलं. आकाशात एक चांदणी आली होती. “मावळला की, सर.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ केबिनच्या काचेतून येणाऱ्या उजेडात धरलं. “पाच पस्तीस,” ते म्हणाले. “जयसिंगपुरात अजून ऊन आहे.”

भूपाल विचारात पडला. नेमाचा माणूस, अशी सूट कुठे लिहिलीय का ते मनात शोधत असणार. मग त्यानं बाकी सगळ्यांना सोडून मला विचारलं. मलाच. “खरं काय रे, श्रीधर?”

त्या दिवशी माझ्या शब्दाला काय किंमत होती ते ट्रकमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याला एकट्याला माहीत नव्हतं.

“खरं,” मी म्हणालो. “तुझी आई अजून ताटावरून उठली नसेल.”

त्यानं बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत काढली नाही.

ट्रक घाटमाथ्याकडे निघाला. सर पुढच्या बाजूला, केबिनकडे तोंड करून बसले. भूपालचं डोकं माझ्या मांडीवर आलं होतं, कारण दुसरी कुणाची मांडी जवळ नव्हती.

“तांदूळ?” त्यानं विचारलं.

“थोडे रस्त्यावर होते. इस्माईलनं उचललेत मूठभर.”

“मूठभर बास झाले.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “चाळीसला म्हटलास?”

“म्हटलं.”

“कळलं न्हाई कुणाला?”

“नाही.”

“तिसाला पण?”

“पण.”

मग तो फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “ते वर आले न्हवं का, सायकल मोडत होते, तेव्हा मी एकच मागत होतो बघ. म्हटलं, देवा, श्रीधर माझं म्हणायचं विसरू दे.”

त्यानंतर मी त्याला पुष्कळ काही बोललो, पुढची चाळीस वर्षं, पण याचं उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.

त्याचे डोळे मिटले. खोकला आला, गेला, आणि श्वास संथ झाला. गाडीच्या दिव्यात चाळीसचा दगड पांढरा उठून आला. सरांना तेवीस दिवसांची सवय. ते पुढे बघत म्हणाले, “एक.”

“दोन.”

“तीन.”

“चार.”

भूपाल झोपला होता. खोतांनी माझ्याकडे बघितलं. इस्माईलनंही बघितलं. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो.

तेव्हा सरांनी मान वळवली. पूर्ण वळवली, अंगासकट. माझ्या मांडीवरचं ते डोकं त्यांनी नीट बघितलं. छाती वरखाली होतेय का ते बघितलं.

“पाच आहे,” ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघत थांबले.

“सहा,” मी म्हणालो.